नानांचे दोन हुकूम

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रथम रंगभूमीवर आले. त्या दिवसापासून ते वादात सापडले. नाना फडणवीसांचे चित्रण विपर्यस्त आहे, पुण्यातील ब्राह्मण समाजाची त्यात नालस्ती आहे, असे आक्षेप घेतले गेले. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले. त्यातील कलावंतांनी 'थिएटर अकॅडमी' स्थापन करून 1974 मध्ये ते पुन्हा उभे केले आणि 1980 मध्ये ते युरोपात नेण्याची वेळ आली तेव्हा वाद पुन्हा पेटला. दुसऱ्या बाजूने नाटकाचे चाहते बोलत राहिले ते मुख्यतः त्याच्या रूपाविषयी: जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कीर्तन आणि लावणी यांचा एकत्र मेळ. आक्षेप घेणारे इतिहासाकडे पाहत होते, गौरव करणारे रंगमंचाकडे. या दोघांच्या मधोमध नाटकातला एक साधा प्रश्न पडून राहिला, असे मला वाटते. राज्यात अनर्थ घडला की जाब कोणाला विचारायचा, हा तो प्रश्न. या लेखात मी नाटकाकडे केवळ त्या एका अंगाने पाहणार आहे.

चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी असे नाटक पाहायला मिळणे दुर्मीळच. आपल्यापैकी बहुतेकांना ते छापील रूपातच भेटते. म्हणून कथानक थोडक्यात सांगतो. घाशीराम हा कनोजहून पोटासाठी पुण्यात आलेला ब्राह्मण. चोरीचा खोटा आळ येऊन त्याला मारहाण होते, कोठडीत टाकले जाते आणि शहराबाहेर हाकलले जाते. या शहराचा सूड घेण्याची तो प्रतिज्ञा करतो. नाना फडणवीस हे पेशवाईचे सर्वाधिकारी, पण वासनेचे दास. घाशीराम आपली कोवळी मुलगी गौरी त्यांच्यापुढे ठेवतो आणि मोबदल्यात पुण्याची कोतवाली मागून घेतो. मग शहरावर त्याचा अंमल सुरू होतो. पुढे गौरी मरते. शेवटी घाशीरामच्या बागेतील फळे खाल्ली म्हणून परगावचे भुकेले ब्राह्मण कोठडीत कोंडले जातात आणि गुदमरून मरतात. शहर खवळते, जमाव नानांच्या वाड्यावर जातो, नाना घाशीरामच्या मृत्यूचा हुकूम देतात आणि लोक त्याला दगडांनी ठेचून मारतात. नाना प्रकट होऊन शहराची पीडा गेल्याचे जाहीर करतात आणि उत्सव सुरू होतो.

घटनेला इतिहासाचा आधार आहे. 1791 च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यात घाशीराम सावळदास या कोतवालाच्या कोठडीत एकवीस तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि त्यानंतर कोतवालाला जमावाने दगडांनी ठार केले. परंतु आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे तेंडुलकरांनी स्वतःच स्पष्ट केले होते. तेव्हा खऱ्या नानांचे चारित्र्य नाटकावरून ठरवणे जितके चूक, तितकेच नाटकाची किंमत इतिहासाच्या तराजूत तोलणेही चूक. या लेखात 'नाना' म्हटले की नाटकातले पात्र समजावे.

या नानांनी संपूर्ण नाटकात दोन हुकूम महत्त्वाचे दिले आहेत. पहिला, घाशीरामला कोतवाल करण्याचा. दुसरा, त्याला मारू देण्याचा. या दोन हुकुमांच्या मध्ये जे काही घडते ते सारे घाशीरामच्या नावावर जमा आहे. आणि हे योगायोगाने झालेले नाही. कोतवाली दिल्यानंतर नाना जे स्वगत बोलतात, ते नाटकाचे मर्म आहे. घाशीराम परका आहे, शहरात त्याला ना नातलग ना पक्ष. तो कोणाच्या कटात सामील होणार नाही. उलट जे अपकृत्य सत्ताधीशाकडून होईल त्याचे माप त्याच्या पदरात घालता येईल, असा तो हिशेब आहे. म्हणजे नेमणूक होते त्याच घटकेला शिक्षेचीही तरतूद झालेली असते. कोतवाल हा कारभारासाठी नेमलेला माणूस दिसतो. खरे तर तो पुढे कधीतरी लोकांच्या हवाली करता यावा म्हणून राखून ठेवलेला माणूस आहे.

जमाव जेव्हा वाड्यावर येतो, तेव्हा त्याची मागणी कोणती असते? घाशीराम द्या. ते मिळते. लोक समाधानाने परततात. याला कोतवाल कोणी केले, एवढी वर्षे कोणी ठेवले, त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम कोणाचे होते, हे विचारायला एकही जण मागे थांबत नाही. पहिल्या हुकुमाचा जाब कोणी मागू नये म्हणूनच दुसरा हुकूम इतक्या तत्परतेने दिला गेला, हे त्या गर्दीतल्या कोणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही प्रेक्षक मात्र ते पाहत असतो. घाशीरामविषयी आम्हाला दया वाटत नाही, वाटू नये अशीच त्याची कृत्ये आहेत. येथे लेखकाची खरी करामत आहे. बळी जाणारा माणूस निरपराध असता तर आमचा राग सहजच नानांकडे वळला असता. तो पुरेपूर अपराधी आहे, म्हणूनच त्याच्या आड दुसरा अपराधी सुखरूप लपू शकतो. घाशीरामला शिक्षा होणे न्याय्य होते. ती एकट्या त्यालाच होणे, तीही झुंडीच्या हातून, यात अन्याय होता. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणे कठीण जाते, आणि या नाटकाविषयीचे बरेच गैरसमज त्या अडचणीतून निघाले आहेत.

कोतवाल घाशीरामच्या राज्यात परवान्यांचा सुळसुळाट आहे. रात्री बाहेर पडायचे, परवाना दाखवा. सुईणीला बोलवायचे, परवाना. प्रेत न्यायचे, परवाना. सामान्य माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंत सरकारची नजर आहे. परंतु त्याच शहरात कोतवालाची एक कोठडी आहे. तिच्यात किती माणसे मावतात, किती कोंबली आहेत, आत वारा येतो की नाही, हे पाहणारे कोणीही नाही. कायदा जेथे नको तेथे पावलोपावली आहे आणि जेथे हवा तेथे औषधालाही नाही. हा विरोध तेंडुलकर कोणा पात्राच्या तोंडून सांगत नाहीत. ते फक्त दोन्ही चित्रे एकामागून एक ठेवतात. रेशनकार्डासाठी किंवा सातबाराच्या उताऱ्यासाठी ज्यांनी हेलपाटे घातले आहेत, त्यांना यावर भाष्याची गरज पडू नये.

या ठिकाणी नाटकाच्या रूपाविषयी थोडे बोलावे लागेल, कारण अर्थ त्या रूपातच आहे. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग आहे. ती गाते, नाचते, डोलते. प्रेक्षकांकडे तोंड केले की ते पुण्याचे नागरिक, पाठ केली की तीच भिंत. भिंतीआड काय चालले आहे ते भिंतीला ठाऊक असते, पण भिंत बोलत नाही. लोककलेचा चतुर वापर म्हणून या युक्तीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला त्यात कारभाराचे चित्र दिसते. आपल्या भाषेत 'पाठ फिरवणे' याचा जो अर्थ आहे तो येथे शब्दशः देहाने केलेला आहे. नानांचे गुप्त व्यवहार एकटे नाना लपवू शकत नाहीत, त्यासाठी पाठ फिरवणारी पुष्कळ माणसे लागतात. आणि गंमत अशी की अखेरीस दगड हाती घेणारेही हेच. जे काल भिंत होते तेच आज न्यायाधीश होतात.

आमच्या युवकांच्या अभ्यासवर्गात हे नाटक वाचायला घेतले होते. (बावनखणीचे प्रवेश कसे वाचावेत, हा प्रश्न काही पालकांनी आधीच विचारला होता, त्याकडे शेवटी येतो.) वाचन संपल्यावर अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "फादर, नानाला कोणीच कसा दगड मारला नाही?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र चोख होता. पण मला त्याचे पुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटले. तो म्हणाला, "दगड मारून तरी काय झाले असते? दुसरा नाना आला असता." तेव्हा त्या मुलांना मी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची हकिकत सांगितली. ती त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीची.

1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्या सरकारी रुग्णालयात मेंदूवरील किंवा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरीन पाजण्यात आले. त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. चौदा जण दगावले. तपासाअंती उघड झाले की ते औषधी प्रतीचे ग्लिसरीन नव्हतेच, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे विषारी द्रव्य होते. आता खरेदीचे कागद पाहावेत तर कोणाचे ना कोणाचे शिक्के होते, पुरवठादार होता, देयके होती. नव्हती ती एकच गोष्ट. पिंपात काय आहे हे रुग्णाच्या ओठांशी जाण्यापूर्वी कोणी तपासले नव्हते. घाशीरामच्या पुण्यातील परवाने आणि कोठडी यांचाच हा दुसरा प्रयोग म्हणावा.

येथे कोतवाल शोधणे सोपे होते. एखादी परिचारिका, भांडारातला एखादा कारकून, फार तर पुरवठादार. त्यांना लोकांच्या हवाली केले असते तर त्या वेळच्या संतापाला तेवढे पुरले असते. परंतु मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला आणि त्याने वेगळीच वाट धरली. आयोग पायरी पायरीने वर चढत गेला. औषध कोणी पाजले येथून ते कोणी विकत घेतले, कोणी विकायला परवाना दिला, परवाना देणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाचे वर्तन कसे होते आणि त्या प्रशासनाच्या कामात मंत्र्यांनी कोणता हस्तक्षेप केला, येथपर्यंत. अहवालाने कोणाचीही भीड ठेवली नाही. तो 1988 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. आयोगाने पहिल्या हुकुमाची चौकशी केली, एवढेच नाट्यपरिभाषेत म्हणता येईल. मराठी समीक्षेने अशा अहवालाकडे वाङ्मय म्हणून कधी पाहिले नाही. पाहायला हवे होते. साध्या कारणासाठी: घटनेमागून घटना लावून सत्य वर ओढून काढण्याचे जे काम कादंबरीकाराकडून आपण अपेक्षितो, ते त्या न्यायमूर्तींनी साक्षीपुराव्यांच्या आधारे केले आहे.

अर्थात अहवालाने पुढचे काय साधले, हा प्रश्न उरतोच. याच द्रव्यामुळे अमेरिकेत 1937 मध्ये शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा दुसऱ्याच वर्षी तेथे कायदा होऊन औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची सुरक्षितता सिद्ध करणे उत्पादकांना भाग पडले. आमच्याकडे 2025 मध्ये, म्हणजे जे. जे. नंतर एकोणचाळीस वर्षांनी, सातपुड्याच्याच रांगेतील मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल 48 टक्क्यांहून अधिक निघाले. मान्य मर्यादा एक दशांश टक्का! प्रथम अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला, मग उत्पादकाला, आणि काही निरीक्षक निलंबित झाले. त्यांची चूक किती हे न्यायालय ठरवील. पण पायऱ्या चढणे कोठे थांबते, तिकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

भंडाऱ्याचे स्मरण अधिक वेदना देते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. काही होरपळून, काही धुरात गुदमरून. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. दोन्ही ठिकाणी कारवाईच्या यादीत परिचारिका होत्या. एका परिचारिकेने कक्ष सोडला असेल, तर त्याचा जाब तिने द्यावा, यात वाद नाही. परंतु इमारतीतील अग्निसुरक्षेचे काम वर्षानुवर्षे कोणाच्या मेजावर पडून होते, हा पहिल्या हुकुमाचा प्रश्न आहे. गुदमरून मरणाऱ्यांची कोठडी 1791 मध्ये पुण्यात होती, आणि ती पुढेही मधूनमधून कोठे ना कोठे उघडत राहिली आहे.

हे ऐकून वाचक म्हणतील, वरच्या पायरीपर्यंत कोणी पोहोचतच नाही. तसे नाही. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण आहे. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेत गरिबांसाठी अकरा हजारांहून अधिक घरे बांधायची होती, त्यांतील थोडीच उभी राहिली. 2006 मध्ये तेव्हाच्या महापालिका आयुक्तांनी फिर्याद दिली आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. त्यांत माजी मंत्री होते, माजी नगराध्यक्ष होते, नगरसेवक होते, ठेकेदार होते. निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात अपिले झाली, त्यामुळे त्याच्या गुणदोषांविषयी मी लिहिणार नाही. मला येथे फक्त वेळ दिसते. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे. घाशीरामचा निकाल एका दिवसात लागला. लोकांना कोणता न्याय अधिक आवडतो हे सांगायला नको. तेरा वर्षे कागद सांभाळणे, साक्षीला हजर राहणे, तारखांना जाणे यात नाट्य नाही, ढोलताशे नाहीत. म्हणूनच कदाचित तेंडुलकरांनाही त्याचे नाटक करता आले नसते.

नाटकातील आणखी एका प्रवेशाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. गौरीच्या मृत्यूनंतर घाशीराम नानांपुढे संतापाने उभा राहतो. नाना प्रथम घाबरतात, आणि मग जीवन-मरणाचे तत्त्वज्ञान सांगू लागतात. कोण मारतो, कोण मरतो, सारे ईश्वराधीन. हात धुऊन मोकळा झालेला पिलातही निदान देवाचे नाव पुढे करीत नव्हता. धर्माची भाषा जबाबदारी झटकण्यासाठी किती सोयीची पडते, हे मराठीत इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी दाखवले असेल. दुर्घटनेनंतर 'देवाची करणी' म्हणणारे आपल्यातही आहेत, आणि सांत्वनाच्या नावाखाली आम्हा धर्मगुरूंकडूनही तसेच शब्द अपेक्षिले जातात. ज्या मातेचे मूल धुरात गेले तिला 'देवाची इच्छा' सांगणे म्हणजे अग्निशमन यंत्र न बसवणाऱ्याची वकिली होते. प्रायश्चित्त संस्काराला येणारा माणूस शेजाऱ्याचे पाप सांगू लागला तर त्याला थांबवावे लागते. राज्यकारभारात मात्र वरिष्ठांचे पाप खालच्याने कबूल करण्याची रीत पडून गेली आहे.

नाटकात दोष नाहीत असे नाही. घाशीरामच्या जुलमाला व्यक्तिगत सुडाची जी जोड दिली आहे, तिने नाटकाला वेग आला खरा, पण व्यवस्थेचा प्रश्न काही काळ बाजूला पडला. अपमान न झालेला, सूड न घेणारा, केवळ नोकरी म्हणून सही करणारा कोतवाल अधिक भयंकर ठरला असता. तसे कोतवाल आपल्या कचेऱ्यांतून अधिक आढळतात. दुसरे असे की, जमावाविषयी लेखक फारसे काही बोलत नाही. दगड मारणाऱ्या हातांचे पुढे काय झाले? उत्सवात ते हात टाळ्या वाजवतात, एवढेच दिसते. त्यावर अधिक थांबायला हवे होते.

सर्वांत मोठी उणीव गौरीची. ज्या व्यवहारावर सारी कोतवाली उभी आहे, त्या व्यवहारातील वस्तू ती. तिला नाटकात जवळजवळ वाचा नाही. ती आणली जाते, नाचवली जाते, नाहीशी होते. काही समीक्षक म्हणतात की हेच लेखकाला दाखवायचे होते. मला ते पूर्णपणे पटत नाही. मुक्या माणसाचे मुकेपण दाखवणे वेगळे आणि त्याला बोलायला जागाच न ठेवणे वेगळे. घाशीरामचा बाप म्हणून आक्रोश आपल्याला ऐकू येतो, पण त्या आक्रोशातही तिला विकल्याचा जाब तो स्वतःला विचारीत आहे की नानांना, हे धूसरच राहते. कोठडीतल्या मृत्यूंसाठी शहर खवळले, गौरीसाठी एकही दार उघडले नाही. नानांनी दिलेल्या दोन्ही हुकुमांत तिचे नाव नाही.

आता पालकांच्या प्रश्नाविषयी. बावनखणीचे प्रवेश आणि नानांच्या लंपटपणाची वर्णने यांमुळे हे पुस्तक घरात ठेवावे की नाही, अशी शंका काहींना आहे. लहान मुलांच्या हाती ते देऊ नये, हे खरे. पण अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी ते घरातील मोठ्यांबरोबर बसून वाचावे. लावण्या गाळून वाचल्यास नाटक कळणार नाही, कारण कीर्तन संपते आणि लावणी सुरू होते त्या सांध्यावरच लेखकाने बोट ठेवले आहे. आमच्या अभ्यासवर्गाची पुढील बैठक पावसाळ्यानंतर होईल. तेव्हा वर्तमानपत्रातील एखाद्या दुर्घटनेच्या बातमीची कात्रणे आणून, त्यांत पहिला हुकूम कोणाचा होता हे शोधण्याचे काम त्याच अकरावीतल्या मुलाने अंगावर घेतले आहे.